चौथा देखावा

यशवंत,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला घाटकोपरच्या विहारात मी आलो होतो. मागच्या भिंतीला टेकून बसलो. तुझ्या कॉलेजातली मंडळी एकेक करून उठली आणि तू कसं शिकवायचास, रात्रीच्या वर्गातल्या दमलेल्या मुलांना कसं जागं ठेवायचास, ते सांगत राहिली. ते सगळं खरं आहे. ते त्यांनी सांगितलं, मी परत लिहीत नाही. मी बघत होतो ते निराळंच. आपल्या मुलुंडच्या वसाहतीतून किती जण आले, ते. दोन रांगाही भरल्या नाहीत. वसाहतीतल्या तुझ्या शेवटच्या दिवसांत या माणसांनी तुझी वाट का सोडली होती, हे त्या सभागृहात दोघांनाच नीट ठाऊक होतं. एक सुमन वहिनी आणि दुसरा मी.

मीही बोलायला उभा राहिलो. पण उभं राहून बोलताना माणूस स्वतःला सोयीचं तेवढंच बोलतो. राहिलेलं इथे लिहितो.

सगळी वसाहत तुला सर म्हणायची. चारचौघांत मीही ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायचो, आणि दार लोटलं की ‘तू’. तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचास. मी पंपांच्या कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन. सुमन वहिनी कंपनीच्या दवाखान्यात नर्स, म्हणून कंपनीच्या वसाहतीत खोली त्यांच्या नावावर, आणि ती माझ्या खोलीला लागून. आपल्यामध्ये एका विटेची भिंत होती. तू खोकलास की मला कळायचं, आणि आमच्या हिने मला काही सुनावलं की ते तुला कळायचं.

रविवारी सकाळी तू चहाला यायचास आणि अमेरिका घेऊन यायचास. पहिल्यांदा मी म्हटलं, “काय रे, आपल्याकडे इतिहास संपला म्हणून तिकडचा शिकवतोस?”

“तिकडचा शिकवला की मुलं निर्धास्त ऐकतात,” तू म्हणालास. “त्यांना वाटतं, आपल्याबद्दल चाललेलं नाही.”

मीही तसाच निर्धास्त ऐकायचो. अमेरिका ही इंग्रजांची वसाहत होती तेव्हाची गोष्ट तू सांगितलीस. विलायतेतली गरीब माणसं जहाजाचं भाडं नसायचं म्हणून एका कागदावर सही करायची आणि समुद्र ओलांडायची.

“म्हणजे जहाज फुकट?”

“फुकट कसलं. बंदरात उतरल्यावर कप्तान तो कागद विकायचा. ज्याने घेतला त्याच्या तंबाखूच्या शेतात ठरलेली वर्षं राबायचं. कितीतरी जण मुदत संपायच्या आधीच मेले.”

“कागद विकायचा. आणि माणूस?”

“माणूस कागदाबरोबर जायचा.”

“मूर्खच की. वाचून सही करायची.”

तू बशीतला चहा संपवलास आणि म्हणालास, “वाचता येत असतं तरी केली असती, तात्या. घरात अडचण असली की अक्षर दिसत नाही.”

मी हसलो होतो. मला वाचता येत होतं.

दुसऱ्या एका रविवारी तू गिरण्यांवर आलास. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या नदीकाठच्या कापडगिरण्या. शेतकऱ्यांच्या मुली तिथे कामाला यायच्या, गिरणीच्याच वसतिगृहात राहायच्या, घंटेवर उठायच्या, घंटेवर जेवायच्या. सुट्टी झाली की गावी जायच्या.

“अगदी तुमच्या कोकणासारखं,” तू म्हणालास. “त्या मुलींनाही वाटायचं, गावाला शेत आहे, चार वर्षं करू आणि परत जाऊ. मालकांनाही ते बरं पडायचं. गाव आहे म्हणून पगार कमी दिला तरी चालतो. गाव आहे म्हणून काढून टाकताना लाज वाटत नाही.”

“आणि मग त्या गिरण्यांचं काय झालं?”

“पुढे मालकांच्या ध्यानात आलं की दक्षिणेत कापूस दाराशी आहे, मजूर स्वस्त आहे, कायदे सैल आहेत. नव्या गिरण्या तिकडे उभ्या राहिल्या. इकडच्या हळूहळू थंड पडल्या. काही ठिकाणी तर यंत्रंच उचलून नेली.”

“ते तिकडे. आपल्याकडे कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते. युनियन आहे.”

“परवानगी बंद करायला लागते, तात्या. यंत्र हलवायला कोण विचारतं?”

हा वाद आपण कितीदा घातला असेल. तो कधी संपला नाही, कारण एका दिवाळीनंतर मी तो घालायचा थांबलो. तुला वाटलं असेल, तात्याला पटलं. पटलं नव्हतं. मी पाहिलं होतं.

यंत्र जमिनीवर नुसतं ठेवत नाहीत, हे कारखान्यात न गेलेल्यांना माहीत नसतं. काँक्रीटमध्ये बोल्ट गाडतात, त्यावर यंत्र बसवतात, लेव्हल लावतात आणि खालच्या फटीत सिमेंट भरतात. ते सिमेंट वाळलं की यंत्र त्या जागेचं झालं. त्या वर्षी दोन नवी यंत्रं आली आणि मला सांगण्यात आलं, पाया भरू नका, नुसत्या पाचरी मारून उभी करा. मी विचारलं तर उत्तर आलं, नंतर बघू. चालू केल्यावर ती यंत्रं किंचित थरथरायची. कामगार म्हणायचे, “तात्या, हे नाचतंय.” मी म्हणायचो, नवं आहे, बसेल.

दिवाळीच्या सुट्टीत साहेबांनी मला आणि बाहेरून आणलेल्या चार माणसांना बोलावलं. पत्रा दाबायच्या जुन्या प्रेसच्या पायांचे नट सोडवायचे, रॉकेलने गंज काढायचा, तेल द्यायचं आणि परत हातानेच आवळायचे. पाना लावायचा नाही. मी आयुष्यभर नट आवळले. हातापुरते आवळून ठेवायचं काम तेव्हा पहिल्यांदा केलं. बंद शेडमध्ये रॉकेलचा वास भरून राहिला होता आणि इतकी शांतता होती की नट फिरताना कुरकुरायचा तो आवाज पत्र्याला लागून परत यायचा.

काम झाल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बसवलं. म्हणाले, “तात्या, तुम्ही समजूतदार आहात. हे तुमच्या-माझ्यात.” मग माझ्या धाकट्याची चौकशी केली. आयटीआय करून घरी बसला होता. “नवीन ठिकाणी माणसं लागतीलच,” ते म्हणाले. नवीन ठिकाण कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कुठल्याही कागदावर सही केली नाही. मान हलवली.

पुढच्या रविवारी तू चहाला आलास तेव्हा ही म्हणाली, “ह्यांचा आंग बरा नाय.” मी आत पडून होतो. भिंतीपलीकडे तू परत गेल्याचा, खुर्ची ओढल्याचा आवाज ऐकला.

आपल्या वसाहतीचा गणपती माघातला. भाद्रपदात जवळजवळ सगळी वसाहत कोकणात असायची. आरतीला माणसं मिळायची नाहीत, म्हणून आधीच्या पिढीने तसं ठरवून टाकलेलं. मंडळाचा अध्यक्ष मी. त्या माघात साहेब नुकतेच अमेरिका बघून आले होते. त्यांनी सुचवलं, या वर्षी देखावा अमेरिकेच्या प्रगतीवर करा, लाकूड आणि रंग कंपनी देईल. देखावा करणार कोण? सगळ्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू म्हणालास, “मी हात जोडणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. इतिहास मांडून देईन.” दत्ता म्हणाला, “सर, हात आमचे जोडलेलेच आहेत. तुम्ही फक्त ब्रश धरा.”

प्रेस शॉपमधला दत्ता. त्याचा थोरला भाऊ लालबागच्या गिरणीत होता आणि गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. भाऊ बायकामुलांसह दत्ताच्या खोलीत येऊन राहिला होता. तरी आपल्याकडचे लोक म्हणायचे, ते कापड, आपलं इंजिनिअरिंग. पंप काय, शेतकऱ्याला लागणारच.

तू आणि दत्ता स्टोअरमधून आणलेल्या खोक्यांच्या फळ्या ठोकत बसायचात. पहिला देखावा तंबाखूच्या शेताचा, मागे जहाज. दुसरा कापसाचा. गुलाम वाकून वेचताहेत आणि बाजूला सरकी काढायचं यंत्र. ते दृश्य तू एकट्याने रंगवलंस, कुणाला हात लावू दिला नाहीस. “या यंत्राने काम हलकं होईल असं वाटलं होतं,” तू बघ्यांना सांगायचास. “सरकी लवकर निघायला लागली, म्हणून कापूस जास्त लावला. कापूस जास्त, म्हणून गुलाम जास्त. यंत्राने माणसं सोडवली नाहीत, बांधली.” दत्ता मधेच म्हणाला, “सर, कापूस संपला. तात्यांची गादी फाडू का? तसेही हल्ली झोपत नाहीत.” सगळे हसले. मी झोपत नाही हे त्याला कसं कळलं, याचा मी दोन दिवस विचार करत होतो.

तिसरा देखावा गिरणीचा. मनोऱ्यात घंटा आणि रांगेने आत जाणाऱ्या मुली. रेल्वे, धूर, लोखंडाचे कारखाने, सगळी भरभराट त्यातच दाखवलेली. साहेब येऊन बघून गेले आणि खूश झाले.

चौथा तू शेवटी उघडलास. तीच गिरणी, तोच मनोरा. खिडक्यांना आडव्या फळ्या मारलेल्या. दारात गवत. घंटा आहे, दोरी नाही. एकही माणूस नाही. तू विटा इतक्या बारकाईने रंगवल्या होत्यास की लांबून हात लावून बघावंसं वाटायचं.

मंडपात जमलेली माणसं पुढे सरकून बघायला लागली. मग आमची ही बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “देवासमोर बंद कारखानो मांडतत? वास्तू तथास्तु म्हणता. तेची जीभ काळी आसा, माझा आयका.”

कुणीतरी हसलं. पण मागून एक जण म्हणाला, “काकी बोलतात ते खरं आहे. शुभ नाही ते.” दत्तालासुद्धा ते आवडलं नव्हतं. म्हणाला, “सर, ते राहू दे ना. घरी भाऊ बसलाय, इथे पण तेच बघायचं?”

तू म्हणालास, “दत्ता, तिसऱ्यावर थांबलं तर ती जाहिरात झाली. इतिहास नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अध्यक्ष. मी म्हटलं, “सर, तुम्ही शिकलेले आहात. पण देवासमोर शुभ असावं. चौथा काढून ठेवू या.”

तू ब्रश डब्यात ठेवलास, हात पुसलेस आणि माझ्याजवळ आलास. आवाज चढवला नाहीस. “तात्या, तुम्ही मेंटेनन्सला आहात. कारखान्यात काही ऐकलंय का? असेल तर चौथा राहू द्या. नसेल तर आत्ता काढतो.”

सगळा मंडप ऐकत होता. साठ-सत्तर कुटुंबांची माणसं. मी म्हटलं, “काही नाही. हा कारखाना पन्नास वर्षं हलत नाही.”

तू लगेच वळलास आणि स्वतःच्या हाताने खिळे काढायला लागलास. फळ्या परत स्टोअरला गेल्या.

त्या वेळी मी नुसतं ‘माहीत नाही’ म्हणालो असतो तरी कुणाच्या तरी मनात शंका राहिली असती. कुणी गावाला जायचं लांबणीवर टाकलं असतं. मी ‘पन्नास वर्षं’ म्हणालो. लोकांनी माझ्या शब्दावर भाद्रपदाचं आरक्षण केलं.

भाद्रपद आला. कारखान्याला गणपतीची सुट्टी लागली आणि एसटी भरभरून वसाहत रिकामी झाली. कुलपांवर कुलपं. आमच्या हिला मी पुढे पाठवलं आणि गुडघ्याचं निमित्त करून मागे राहिलो. गणपतीला गावी न जाण्याची ती माझी पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी ट्रक आले. नट हातानेच सुटले. पाचरींवरची यंत्रं तर नुसती उचलली. बाहेरून आणलेली माणसं खोकी ठोकत होती. फळ्या कमी पडल्या तेव्हा स्टोअरमधून आणखी आणल्या, आणि त्यांत तुझ्या विटा होत्या, यशवंत. फळ्या मारलेली खिडकी. दारातलं गवत. त्या माणसाने फळी यंत्राच्या अंगाला लावली आणि खिळा धरला. विटा बाहेरच्या बाजूला आल्या होत्या. रस्त्यावरून कुणालाही दिसल्या असत्या.

मी म्हटलं, “रंगाची बाजू आत कर.”

आपल्या वसाहतीबाबत मी केलेलं सगळं त्या एका वाक्यात आहे. मंडपातलं खोटं मी विचारल्यावर बोललो, बाकीचं गप्प बसून केलं. हे मात्र कुणी न विचारता बोललो.

ट्रक फाटकाबाहेर पडला तेव्हा मी ड्रायव्हरला वळण दाखवायला रस्त्यावर उतरलो होतो. समोरच्या पानाच्या गादीजवळ तू उभा होतास, हातात भाजीची पिशवी. तुझं गाव विदर्भात. भाद्रपदात तू कुठे जात नव्हतास. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आपण एकमेकांकडे पाहिलं. ट्रक मधे आला. तो गेल्यावर तू तिथे नव्हतास.

गौरी-गणपती आटोपून लोक परत आले. पिशव्यांत गावची तवशी काकडी, गोड खाजं, कुणाच्या डोक्यावर नारळाचं पोतं. सकाळी डबा घेऊन फाटकाशी गेले तर फाटक बंद आणि भोंगा नाही. शेडच्या जाळीतून आत बघितलं तर मोकळी जमीन आणि जमिनीतून वर आलेले बोल्ट. दत्ता जाळीला तोंड लावून म्हणाला, “वाट लागली.” एवढंच.

भोंगा बंद झाल्यावर काही दिवस माणसं तरीही त्याच वेळेला उठायची आणि दारात उभी राहायची.

मग चीड कुणावर तरी काढायची होती. साहेब नव्या ठिकाणी गेले होते. युनियनचे लोक कोर्टाच्या तारखा सांगायचे. हाताशी होतास तू. “सरांनी माघातच बोलून दाखवलं होतं,” लोक म्हणायला लागले. “देवासमोर मांडलं ना ते. काढलं तरी एकदा मांडलंच.” आमच्या हिने एकदा मंडपात म्हटलेला शब्द आता वसाहतीचा झाला. काळ्या जिभेचा सर. आणि हा शब्द इतक्या पटकन का चिकटला, तेही लिहायला हवं. आरतीच्या वेळी तू मंडपाच्या दोरीबाहेर उभा असायचास. वसाहतीत कुणी जात बोलून दाखवत नव्हतं. काळी जीभ सापडल्यावर बोलायची गरजही उरली नाही.

बायका सुमन वहिनींकडे इंजेक्शन घ्यायच्या थांबल्या. दत्ताच्या बहिणीचं लग्न झालं, तुला पत्रिका नाही. एका अमावास्येला तुझ्या उंबऱ्यावर कुणीतरी उतारा ठेवला. तू तो उचललास आणि बाहेरच मला म्हणालास, “लिंबू तरी ताजं ठेवायचं, तात्या. सरबत झालं असतं.” मी हसायला हवं होतं. मी आत गेलो.

आपल्यामध्ये एका विटेची भिंत होती आणि तिच्या पलीकडे तू दिवसेंदिवस कमी बोलायला लागलास. माझ्याकडे यायचा थांबलास. पण मला वाईट बोललास, असंही एकदा घडलं नाही. एक वाक्य पुरलं असतं, ‘तात्यांना विचारा.’ लोक माझ्या दारात आले असते. तुझं नाव त्या दिवशी धुतलं गेलं असतं. मी रोज वाट बघायचो, आज बोलेल. तू बोलला नाहीस, आणि मला वाटत राहिलं की तू मला ट्रकजवळ पाहिलंच नसशील. उन्हात, गर्दीत, लांबून. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की पटलं. पुढे तुम्ही घाटकोपरला खोली घेऊन गेलात. सामान बाहेर काढताना मी हात लावायला आलो तर सुमन वहिनी म्हणाल्या, “राहू द्या, भाऊ. झालंय.”

धाकट्याचं सांगतो. त्याला साहेबांनी घेतलं, शब्द पाळला. पण कंपनीत नाही, ठेकेदाराकडे. वर्षाने ठेकेदार बदलला, मग आणखी एक आला. प्रत्येक नव्या ठेकेदाराकडे जुन्याने माणसांची नावं दिली आणि आमचा पोरगा नावाबरोबर गेला. तो घरी आला की मी त्याला तुझी जहाजाची गोष्ट सांगायला तोंड उघडतो आणि मिटतो.

विहारात मी उभा राहिलो तेव्हा इतकंच म्हणालो, “सरांची जीभ काळी नव्हती. कारखाना जाणार हे मला त्या माघाच्या आधीपासून माहीत होतं. सरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी खोटं बोललो.” तुझ्या कॉलेजच्या लोकांना त्यातलं काही कळलं नाही. आपल्या वसाहतीच्या लोकांना कळलं.  एक म्हातारा चप्पल शोधायला लागला.

ही माझ्या शेजारीच बसली होती. आम्ही घरी पोचलो. मग म्हणाली, “ह्या माका तेव्हाच कित्याक सांगल्यात नाय? तो शबुद माझो हुतो.” दुसऱ्या दिवशी एकटीच घाटकोपरला सुमन वहिनींकडे जाऊन बसून आली. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर सुमन वहिनींनी मला दाराशी थांबवलं होतं. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, “भाऊ, त्यांनी तुम्हाला ट्रकजवळ बघितलं होतं. त्याच दिवशी मला सांगितलं.”

“मग ते बोलले का नाहीत?”

“मीही भांडले त्यांच्याशी. म्हटलं, लोक दारात लिंबं टाकतात आणि तुम्ही गप्प. ते म्हणायचे, माझं म्हणणं मी मांडलं होतं. तात्याचं तात्याने मांडावं.”

म्हणजे इतकी वर्षं तू वाट बघत होतास. रागाने गप्प नव्हतास, मला सांभाळूनही घेत नव्हतास. तू माझी पाळी मोकळी ठेवली होतीस आणि ती तुझ्या मरणापर्यंत मी घेतली नाही. तुझे उपकार मानू की तुझ्यावर रागवू, हे अजून ठरत नाही. दोन्ही येतं. कधी एकाच वेळी येतं.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण विहाराच्या पायऱ्यांवर दत्ता भेटला. केस पिकलेत. वसाहत सुटल्यावर बरीच वर्षं इकडेतिकडे करून आता भांडुपच्या एका कारखान्यात लागलाय. माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, “जाऊ दे, तात्या. आता काय. मी तरी सरांना कुठे पत्रिका दिली होती?” मग विषय बदलायचा म्हणून स्वतःचं सांगायला लागला. नवी यंत्रं आलीत. परदेशी, झकास. त्याला त्यातल्या एकावर घेतलंय.

“पाया भरला?” मी विचारलं.

“नाही ना अजून. पाचरीवरच उभं आहे. थोडं नाचतं.” तो हसला. “नवं आहे. बसेल.”

माझेच शब्द. पायऱ्यांवर उभा होतो तरी मला रॉकेलचा वास आला. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, “दत्ता, जुन्या यंत्रांचे नट बघ. पाना न लावता फिरतात का, ते बघ. आणि या भाद्रपदात गावाला जाऊ नको. तू जाऊ नको आणि तुझ्या शेडमधल्या कुणाला जाऊ देऊ नको.”

त्याने दंड सोडवून घेतला. “गणपतीला घरी जाऊ नको म्हणता? तात्या, शुभ बोला ना.”

“मागच्या वेळी मी शुभच बोललो होतो, दत्ता.”

तो माझ्याकडे बघत राहिला. माघात मंडपातली माणसं तुझ्याकडे बघत होती, तसा. मग हळू आवाजात म्हणाला, “सरांसारखं बोलायला लागलात तुम्ही. तुमची पण आता...”  शेजारी त्याची बायको होती, तिने त्याला बाहीला धरून खाली नेलं आणि जाताना एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मी नंतर त्याच्या घरी जाऊन आलो. परत तेच सांगितलं. बायकोने चहा विचारला नाही. भांडुपला त्याच्या कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो आणि सुटलेल्या दोघा-तिघांना सांगितलं. एक म्हणाला, “काका, तुम्ही कोण?” मी सांगितलं. तो निघून गेला. पुन्हा जाणार आहे. माणसं मला बघून दुसऱ्या बाजूने जायला लागली तरी जाणार आहे. तू दोरीबाहेर एकटा कसा उभा राहायचास, ते मला आत्ता, या वयात थोडं थोडं कळतंय.

श्रावण संपत आलाय, यशवंत. काल दत्ताने शेजाऱ्याच्या फोनवर निरोप ठेवला. तात्यांना सांगा, उगाच फाटकाशी येऊ नका, लोक हसतात. आणि हेही सांगा की एसटीचं आरक्षण झालंय. त्याचं, आणि सगळ्या शेडचं.